एका खुर्चीचा भाव : मोंटाना आणि अमेरिकेची सिनेट

कडेपठार :

लेकीकडे अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या बोझमनला आले की पहिला आठवडा डोंगर बघण्यात जातो. नंतर माझी भुणभुण सुरू होते. यंदा जावई वैतागून ब्यूटला घेऊन गेले, गाडीनं तास-दीड तासावर. गाव डोंगराच्या उतारावर, आणि घरांच्या अधेमधे खाणींचे काळे लोखंडी मनोरे. याच मनोऱ्यांवरून पाळण्यात बसवून माणसं खाली सोडायचे आणि तांब्याचा दगड वर ओढायचे. गावकरी त्यांना फाशीचे खांब म्हणतात. अंधार पडला की त्यांच्यावर लाल दिवे लागतात.

गावात विल्यम क्लार्कचा वाडा आहे. तीनमजली, विटांचा, चौतीस खोल्या, छतांवर हातानं काढलेली चित्रं. आता तिथे मुक्कामालाही खोली मिळते. मी मान वर करून ती चित्रं बघत होते, तर जावई म्हणाले, "आई, तुमच्या त्या सतराव्या घटनादुरुस्तीचं मूळ इथं आहे बरं का."

सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह, आणि सतरावी दुरुस्ती म्हणजे तिथली माणसं थेट लोकांनी निवडायची. तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. "अमेरिकेत लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोन जागा" हे वाक्य फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, दोन मार्कांना आलं, संपलं. त्या वाक्याच्या पोटात काय काय आहे ते आत्ता वाचतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी आकार. मोंटाना महाराष्ट्राहून मोठं, ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर. माणसं २०२० च्या जनगणनेत १० लाख ८४ हजार. आमच्या एकट्या सातारा जिल्ह्यात २०११ सालीच ३० लाख होती. गुरं माणसांच्या दुपटीच्या आसपास. तरी सिनेटर दोन, कॅलिफोर्नियाच्या पावणेचार-चार कोटींना आहेत तेवढेच.

राज्य झालं ८ नोव्हेंबर १८८९ ला. ते आणि पुढचं वर्ष मिळून सहा राज्यं संघात आली : दोन डकोटा, मोंटाना, वॉशिंग्टन, आयडाहो, वायोमिंग. म्हणजे बारा नवे सिनेटर. डकोटाचे दोन तुकडे केले त्यात दोनाचे चार सिनेटर करायचा हिशेबही होताच, आणि तो रिपब्लिकन पक्षाचा होता.

तेव्हा सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचे आमदार निवडत. आता मजा ऐका. पहिल्याच निवडणुकीत ब्यूटच्या बाजूला ३४ नंबरचं एक मतदान केंद्र होतं. तिथं रेल्वेच्या कामावरचे मजूर. त्यांची जवळजवळ सगळी मतं डेमोक्रॅटांना पडली. मतमोजणी मंडळानं अख्खं केंद्रच बाद केलं. विधानसभेतलं बहुमत नेमकं त्याच मतांवर अडलेलं. मग दोन्ही पक्षांनी आपापली वेगळी विधानसभा भरवली आणि आपापले दोन-दोन सिनेटर निवडले. दोन खुर्च्या, आणि देशाच्या राजधानीत मोंटानाची चार माणसं हजर! सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं, त्यामुळे सँडर्स आणि पॉवर बसले, क्लार्क आणि मॅगिनिस हात हलवत परत आले. राज्याचं ते पहिलं अधिवेशन एकही कायदा न करता संपलं.

परत आलेला क्लार्क तो हाच, वाड्याचा मालक. डेमोक्रॅट. त्याचा वैरी मार्कस डेली, तोही डेमोक्रॅट. दोघंही तांब्यात गब्बर झालेले. वैर कशावरून पेटलं याच्या दहा कथा आहेत, सोडून देऊ. १८९३ ला क्लार्क सिनेटसाठी उभा, डेलीची माणसं आडवी. कुणालाच बहुमत मिळेना. गव्हर्नरनं (तिथं हा लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी) ली मँटल नावाच्या गृहस्थाला नेमलं, तर सिनेटनं त्याला बसू दिलं नाही. खुर्ची जवळजवळ दोन वर्षं रिकामी. १८९४ ला राज्याची राजधानी कुठं यावरून पुन्हा जुंपली, डेलीचं अ‍ॅनाकोंडा की हेलेना? क्लार्कनं हेलेनाच्या बाजूनं पैसा ओतला आणि हेलेना जिंकलं.

आणि मग जानेवारी १८९९. हेलेनात विधिमंडळ बसलंय. फ्रेड व्हाइटसाइड नावाचा आमदार हजार-हजार डॉलरच्या तीस नोटा पुढे मांडतो आणि सांगतो, या क्लार्कच्या माणसांनी मतांसाठी दिल्या. पाकिटांवर क्लार्कची आद्याक्षरं होती असंही सांगतात. खेळ तिथंच आटपायला हवा होता ना? क्लार्कची माणसं म्हणाली, हा डेलीचा डाव, नोटाही त्याच्याच. खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, ग्रँड ज्युरीला, पुरावा पुरेसा वाटला नाही. उलट व्हाइटसाइडच्याच निवडणुकीचा वाद उकरून त्याला सभागृहाबाहेर काढलं. २८ जानेवारीला क्लार्क ५४ मतं घेऊन सिनेटर झाला. त्याचा मुलगा म्हणे म्हणाला होता, म्हाताऱ्याला एकतर सिनेटमध्ये बसवू, नाहीतर भिकेला लावू.

सिनेटच्या समितीनं चौकशी केली आणि एकमतानं सांगितलं की ही निवड धरायची नाही. १५ मे १९०० ला क्लार्कनं सिनेटमध्ये गहिवरून भाषण केलं आणि राजीनामा दिला. इथवर ठीक. पण मोंटानाचा गव्हर्नर स्मिथ वकील होता, त्याला कसल्याशा खाणीच्या कामाचं निमित्त काढून कॅलिफोर्नियाला धाडलेलं होतं. गव्हर्नर राज्याबाहेर, म्हणजे कारभार उपगव्हर्नर स्प्रिग्जकडे. स्प्रिग्ज क्लार्कच्या गोटातला. त्यानं क्लार्कच्या राजीनाम्यानं रिकाम्या झालेल्या जागेवर क्लार्कलाच नेमलं!

हे वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसले की लेक स्वयंपाकघरातून बघायला आली. गव्हर्नर धावत परत आला आणि त्यानं मॅगिनिसला नेमलं. सिनेटनं दोघांनाही बसवलं नाही.

शेवट असा की नोव्हेंबर १९०० मध्ये डेली वारला आणि जानेवारी १९०१ मध्ये विधिमंडळानं क्लार्कला निवडून दिलं. सहा वर्षं तो सिनेटर होता. त्या सहा वर्षांतलं काही कुणाच्या लक्षात नाही. नाव राहिलं ते भलतीकडेच. लास व्हेगास ज्या काउंटीत आहे ती क्लार्क काउंटी याच्याच नावाची. रेल्वेसाठी घेतलेल्या जमिनीचे भूखंड पाडून १९०५ ला लिलाव केला, त्यातून ते गाव उभं राहिलं.

१९१३ ला सतरावी दुरुस्ती झाली, सिनेटर थेट लोकांनी निवडायचे असं ठरलं. पुढचं कुणाला माहीत असेल तर लिहा. माझा चहा संपला.

पाचवं_बाकडं :

बाई, शाळेत असं शिकवलं असतंत तर आम्ही मागच्या बाकावर झोपलो नसतो. स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीवर स्वतःची नेमणूक, ही आयडिया आपल्याकडे अजून कुणाला कशी सुचली नाही? शंका : डेली स्वतः का उभा राहिला नाही?

कडेपठार :

डेलीला खुर्ची नको होती, खुर्चीत आपला माणूस हवा होता. दोघांत शहाणा कोण ते तुम्ही ठरवा.

उंटावरून_शेळ्या :

लेख चुरचुरीत आहे, पण जावईबापूंना सांगा की सतराव्या दुरुस्तीचं सगळं श्रेय ब्यूटला देऊ नका. आमदारांकडून सिनेटर निवडायची पद्धत सगळीकडेच किडली होती. डेलावेअरच्या आमदारांचं इतकं बिनसलं की १९०१ ते १९०३ त्या राज्याला एकही सिनेटर नव्हता, दोन्ही खुर्च्या रिकाम्या. इलिनॉयच्या लॉरिमरची निवड लाचखोरीपायी १९१२ ला सिनेटनं रद्द केली. ऑरेगननं तर दुरुस्तीची वाट न पाहता आधी लोकांचा कौल घ्यायचा आणि आमदारांनी तोच पाळायचा अशी सोय लावली होती. क्लार्क हे सगळ्यांत रंगतदार उदाहरण, एवढंच.

कडेपठार :

मान्य. जावयांना वाचून दाखवलं. ते म्हणाले "रंगतदार" एवढं चालेल.

फोंड्याचो :

आमच्या गोव्याला राज्यसभेत एकच जागा. महाराष्ट्राला १९, उत्तर प्रदेशला ३१. म्हणजे आपल्याकडे वरच्या सभागृहातही डोकी मोजतात, आणि निवड आमदारच करतात, तुमच्या १८९९ सारखी. फक्त २००३ पासून मत उघड, पक्षाच्या माणसाला दाखवून टाकायचं. मोंटानाचे दोन ऐकून पोटात दुखलं बाकी.

पाचवं_बाकडं :

उघड मत असूनही जून २०२२ ला सहाव्या जागेपायी आमदारांना हॉटेलांत नेऊन ठेवावं लागलंच की. घोडेबाजार म्हटलं की तबेला आला.

संपादक :

देशी राजकारणाचे धागे वेगळे आहेत. इथं मोंटाना.

काळी_माती :

पुढचं मी लिहितो. क्लार्क-डेली गेले पण तांबं राहिलं. डेलीची अ‍ॅनाकोंडा कंपनी एवढी वाढली की मोंटानात "कंपनी" म्हटलं की नाव घ्यावं लागत नसे. राज्यातली बहुतेक मोठी दैनिकं तिच्या मालकीची, ती तिनं विकली थेट १९५९ ला. रोज सकाळी काय वाचायचं ते खाणवाला ठरवणार. गळ्यात तांब्याचा पट्टा, असं लोक म्हणत. या पट्ट्यातल्या राज्यानं राजधानीत जी माणसं पाठवली ती बघा.

टॉमस वॉल्श, १९१३ ते १९३३. हेलेनाचा वकील, रुक्ष माणूस. वायोमिंगमधल्या टीपॉट डोमचा नौदलासाठी राखलेला तेलसाठा सरकारी जमिनींच्या खात्याच्या मंत्र्यानं, अल्बर्ट फॉलनं, गुपचूप भाड्यानं दिला, त्याची चौकशी वॉल्शच्या गळ्यात पडली. कुणाला वाटलं नव्हतं यातून काही निघेल. त्यानं महिनोन् महिने कागद उपसले. एका तेलवाल्यानं आपल्या मुलाच्या हाती काळ्या बॅगेतून फॉलला रोख एक लाख डॉलर पाठवले होते, हे निघालं. फॉल तुरुंगात गेला. मंत्रिपदावरच्या गुन्ह्यासाठी गजाआड गेलेला तो पहिला अमेरिकन मंत्री. पाकिटांनी बदनाम झालेल्या राज्याच्या माणसानं बॅग पकडली.

१९३३ ला नव्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं वॉल्शला न्यायखात्याचा मंत्री, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल करायचं ठरवलं. म्हातारपणी हवानात दुसरं लग्न करून तो शपथविधीला निघाला आणि दोन दिवस आधी आगगाडीतच गेला. कडेपठार ताई, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट त्याच्या पुढे आहे : त्याच्या रिकाम्या जागेवर नेमायचा अधिकार गव्हर्नर एरिक्सनचा. त्यानं गव्हर्नरपद सोडलं, उपगव्हर्नर वर चढला आणि त्यानं एरिक्सनला सिनेटवर नेमलं. या वेळी सिनेटनं बसू दिलं. लोकांनी मात्र पुढच्याच वर्षी, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच, घरी पाठवलं.

दुसरा बर्टन व्हीलर, १९२३ ते १९४७. पहिल्या महायुद्धात लोक साध्या बोलण्यावरून तुरुंगात जात होते तेव्हा हा ब्यूटमध्ये सरकारी वकील होता आणि असले खटले भरायला नकार देत होता. सिनेटमध्ये गेल्या गेल्या त्यानं अ‍ॅटर्नी जनरल डॉहर्टीची चौकशी लावली. डॉहर्टीच्या खात्यानं उलट त्याच्यावरच खटला भरला. त्याचं वकीलपत्र घेतलं वॉल्शनं, आणि तो निर्दोष सुटला. १९३७ ला सुप्रीम कोर्टात आपले न्यायाधीश वाढवायचा रूझवेल्टचा डाव हाणून पाडणाऱ्यांत हाच पुढे, आणि पक्ष रूझवेल्टचाच!

रानजाई :

व्हीलरचं कौतुक जरा जपून. १९४१ ला ब्रिटनला मदत करायला त्याचा कडाडून विरोध होता. या धोरणानं दर चौथा अमेरिकन पोरगा नांगराखाली जाईल, असं बोलला. रूझवेल्ट भयंकर चिडला होता. युद्ध संपल्यावर १९४६ ला त्याच्याच पक्षानं तिकीट कापलं.

आणि जॅनेट रँकिन कुठंय? मोंटानानं १९१६ ला तिला प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, पाठवलं, अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई. १९१७ ला युद्धाविरुद्ध मत दिलं. १९१८ ला सिनेटला उभी राहिली, हरली, वॉल्श जिंकला. १९४० ला पुन्हा प्रतिनिधिगृहात निवडून आली आणि पर्ल हार्बरनंतर सगळ्या काँग्रेसमध्ये एकटीनं युद्धाला नाही म्हटलं. पुढे गांधींचा मार्ग समजून घ्यायला भारतात कितीतरी फेऱ्या मारल्या. मोंटानातून सिनेटवर आजवर एकही बाई गेलेली नाही. हेही लिहा.

काळी_माती :

प्राथमिक फेरीत हरला, तिकीट कापलं नाही. बाकी सगळं बरोबर. रँकिन राहिली, चूक कबूल.

हायलाइन :

ग्रेट फॉल्सला सहा वर्षं काढली, धान्याच्या कोठारांच्या यंत्रसामग्रीचं काम होतं. उत्तरेला रेल्वेमार्गालगत जो पट्टा आहे त्याला तिकडे हायलाइन म्हणतात, म्हणून हे नाव. वीस-तीस मैल काही नाही, मग क्षितिजावर एक उंच कोठार दिसतं. म्हणजे गाव आलं. पोस्ट, बार, चर्च, कोठार. या लोकांच्या तोंडी सिनेटरचं आडनाव कधी ऐकलं नाही. "माइक" आणि "जॉन".

माइक म्हणजे माइक मॅन्सफील्ड. जन्म न्यूयॉर्कचा, १९०३. आई गेल्यावर ग्रेट फॉल्सला नातेवाइकांकडे वाढला. चौदाव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात गेला. मग सैन्यात, मग मरीनमध्ये. परत येऊन ब्यूटच्या खाणीत फावड्यानं दगड भरायच्या कामावर. तिथं मॉरीन नावाची शिक्षिका भेटली. शिक म्हणाली. त्यानं शिकावं म्हणून तिनं आपला विमा मोडला. पुढे तो मिझूलाच्या विद्यापीठात आशियाचा इतिहास शिकवू लागला, १९४३ ला प्रतिनिधिगृहात, १९५३ ला सिनेटमध्ये, आणि १९६१ ते १९७७ सोळा वर्षं बहुमताचा नेता. सिनेटच्या इतिहासात एवढा काळ नेता कुणी राहिला नाही.

त्याच्या आधीचा नेता लिंडन जॉन्सन. तो माणसाच्या अंगावर झुकून, दंड धरून मत काढायचा. मॅन्सफील्ड पाइप ओढत बसायचा. टीव्हीवर मुलाखत असली की "हो", "नाही", "सांगता येत नाही". मुलाखत घेणारे त्याच्यासाठी दुप्पट प्रश्न काढून ठेवत. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा दक्षिणेचे सिनेटर भाषणं लांबवून अडवून धरत होते. रात्रभर बसवून म्हाताऱ्यांना दमवायचं हा जुना उपाय त्यानं केला नाही. दोन-अडीच महिने बोलू दिलं, दुसऱ्या बाजूनं रिपब्लिकन नेता डर्कसनला श्रेय देत देत जवळ आणलं. १० जूनला चर्चा थांबवायचा ठराव ७१ विरुद्ध २९ असा झाला. मोंटानात काळे लोक नावाला. तिथं त्याला यातून एक मत मिळणार नव्हतं.

मतदानाचं वय अठरावर आणायचा कायदा १९७० ला रेटला तोही त्यानंच. चौदाव्या वर्षी युद्धावर गेलेला माणूस तो, त्याला एकवीस जास्तच वाटलं असणार.

नंतर जपानमध्ये राजदूत, अकरा वर्षं, कार्टरनं नेमला आणि रेगननं ठेवला. भेटायला आलेल्याला स्वतः उठून इन्स्टंट कॉफी करून द्यायचा. २००१ ला गेला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याचा दगड आहे, बाकीच्यांसारखाच. त्यावर नाव आणि "प्रायव्हेट, मरीन कोअर". शिपाई. सिनेटर, राजदूत, काही नाही.

नेमकेपणा :

सुंदर लिहिलंय. एक दुरुस्ती : "नेता" मोघम आहे. पक्षाचा नेता म्हणून सगळ्यांत जास्त काळ आता केंटकीचे मिच मकॉनेल, २००७ ते २०२५, त्यांनी २०२३ मध्ये मॅन्सफील्डला मागे टाकलं. पण त्यात विरोधी बाकांवरची वर्षंही आहेत. बहुमताचा नेता म्हणून विक्रम अजून मॅन्सफील्डचाच.

हायलाइन :

मी "बहुमताचा नेता" असंच लिहिलंय हो. पण ठीक.

उंटावरून_शेळ्या :

सगळे भावनेत वाहून चालले आहेत म्हणून बोलतो. मॅन्सफील्ड थोर, पण मूळ व्यवस्था न्याय्य आहे का? १७८७ ला लहान राज्यं अडून बसली म्हणून झालेली ही तडजोड. आणि संमतीशिवाय कुठल्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा काढता येणार नाही, हे घटनेच्या पाचव्या कलमातच ठोकून ठेवलंय. २००९ ला ओबामांचा आरोग्य कायदा सिनेटच्या अर्थ समितीत अडकला होता. समितीचे अध्यक्ष मोंटानाचे मॅक्स बॉकस. त्यांनी सहा सिनेटर घेऊन खलबतं केली : मोंटाना, आयोवा, नॉर्थ डकोटा, न्यू मेक्सिको, मेन, वायोमिंग. सहा मिळून देशाच्या तीन टक्क्यांहून कमी लोक. टेक्सास, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियाचं दुखणं या खोलीत कोण मांडणार?

हायलाइन :

मुद्दा खरा आहे. पण त्याच बॉकसचं दुसरं टोक सांगतो. मोंटानाच्या वायव्य कोपऱ्यात लिबी नावाचं गाव आहे. तिथल्या व्हर्मिक्युलाइटच्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ती धूळ गावाच्या फुप्फुसात गेली, खाणकामगारांच्या बायकापोरांच्याही. शेकडो माणसं मेली. बॉकसनं त्या आरोग्य कायद्यात अशी तरतूद घातली की लिबीच्या आजाऱ्यांना वयाची अट न लावता मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, मिळावा. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. कॅलिफोर्नियात असतं तर त्याचं नाव सिनेटरच्या कानावर गेलं असतं का?

उंटावरून_शेळ्या :

लिबी एकच नाही ना. कॅलिफोर्नियात अशी वीस गावं असतील, त्यांना कोण? माझं तेच म्हणणं आहे.

रानजाई :

आणि ज्यांची ती भूमी होती ते? मोंटानात आदिवासींची सात आरक्षित क्षेत्रं आहेत. तुमच्या त्या १८८९ च्या निवडणुकीत त्यांना कोण विचारतंय? सगळ्या आदिवासींना नागरिकत्व मिळालं १९२४ ला. आज चुरशीच्या निवडणुकीत हीच मतं जड पडतात. २००६ ला जॉन टेस्टर साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी निवडून आला तेव्हा या भागांतली मतं मोजायला सगळे धावले होते.

पाचवं_बाकडं :

टेस्टर म्हणजे तो तीन बोटं नसलेला?

हायलाइन :

हो, "जॉन" तोच. बिग सँडी गावाजवळ शेती, आजोबांनी १९१२ ला सरकारी जमीन घेऊन सुरू केलेली. गाव सहाशे वस्तीचं. नऊ वर्षांचा असताना घरच्या खाटीकखान्यात मांस दळायच्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेली. ट्रम्पेट उजव्या हातानं वाजतो म्हणून ट्रम्पेट शिकला, मग शाळेत संगीत शिकवलं, मग शेती. सिनेटर झाल्यावरही पेरणी-कापणीला घरी यायचा आणि जाताना आपल्याच गुरांचं मांस बॅगेत घालून राजधानीला न्यायचा. त्यानं हरवलेला कॉनरॅड बर्न्सही काही सुटाबुटातला नव्हता. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, रिपब्लिकन, अठरा वर्षं सिनेटर. मोंटानात दोन्ही पक्षांना हातावर घट्टे असलेला माणूस लागतो, निदान लागायचा.

नेमकेपणा :

कडेपठार ताई, तुमच्या तीस नोटांची पुढची गोष्ट कोर्टात आहे. कंपनीच्या पैशाला वैतागून मोंटानाच्या लोकांनी १९१२ ला स्वतः कौल घेऊन कायदा केला : कंपन्यांनी निवडणुकीत पैसा खर्च करायचा नाही. तो शंभर वर्षं टिकला. २०१० ला देशाच्या सुप्रीम कोर्टानं कंपन्यांच्या निवडणूक खर्चाला मोकळीक दिली, तेव्हा मोंटानाच्या सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०११ मध्ये सांगितलं, आमचा इतिहास वेगळा आहे, आम्हाला हा कायदा लागतो. निकालपत्रात क्लार्क आणि तांबेसम्राट सगळे हजर! जून २०१२ मध्ये वरच्या कोर्टानं पूर्ण सुनावणीही न घेता पाच विरुद्ध चारनं तो निकाल फिरवला.

मग २०२४. डेमोक्रॅट टेस्टर विरुद्ध रिपब्लिकन टिम शीही, नौदलाच्या कमांडो दलातून निवृत्त, विमानांनी वणवे विझवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च २५ कोटी डॉलरच्या पुढे, बहुतेक पैसा राज्याबाहेरचा. सहा लाखांच्या आसपास मतदार मतदानाला गेले. भागाकार तुम्हीच करा.

हायलाइन :

मी असतो तर टीव्ही फोडला असता, असं एक जुना सहकारी म्हणाला. दर दोन मिनिटांना हेच दोघं. पण शीही पैशानं जिंकले असं मी म्हणणार नाही, टेस्टरकडेही तेवढाच होता. राज्यच बदललं. १९८० ला अ‍ॅनाकोंडाची भट्टी आणि ग्रेट फॉल्सचा तांबं शुद्ध करायचा कारखाना एका दिवसात बंद झाले. ब्यूटची मोठी उघडी खाण १९८२ ला. ती आता विषारी पाण्याचं तळं आहे. त्या कामगार संघटनांच्या मतांवर मॅन्सफील्ड उभा होता. मतं गेली तरी माणसामागून माणूस करत डेमोक्रॅट तगले. १९११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत मोंटानाच्या दोघांपैकी निदान एक सिनेटर डेमोक्रॅट नाही असं कधी झालं नव्हतं. आता दोघेही रिपब्लिकन, डेन्स आणि शीही.

बटाटेवडा_डायरीज :

एवढी चर्चा झाली आणि एकानंही पास्टीचं नाव काढलं नाही? ब्यूटला जाऊन पास्टी न खाता वाडे कसले बघता!

कडेपठार :

खाल्ली, जावयांनी. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेला प्रकार, डब्यात नेऊन जमिनीखाली खायचा. जाड पारीत मांस, बटाटा, कांदा. मी शाकाहारी, म्हणून घरी येऊन नुसत्या बटाट्याची केली, हिरवी मिरची घालून. लेक म्हणाली, आई, ही तिखट करंजी आहे.

सगळं वाचलं. काळ्या बॅगेची गोष्ट जावयांनाही माहीत नव्हती, त्यामुळे त्या दिवशी जेवताना मी बोलले आणि ते ऐकत होते.

परवा हेलेनालाही जाऊन आले. कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, मॅन्सफील्डचा पुतळा आहे, शेजारी मॉरीन. विमा मोडला तीच ही, म्हणून मी तिच्याकडेच जास्त वेळ बघितलं. क्लार्कचा पुतळा कुठं दिसला नाही. राष्ट्रीय राजधानीत प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात, तिथं मोंटानानं एक चित्रकार चार्ली रसेलचा पाठवलाय आणि दुसरा जॅनेट रँकिनचा. सिनेटर एकही नाही. रानजाई, तुमच्यासाठी मुद्दाम विचारून घेतलं.

विधानसभेच्या सभागृहात भिंतभर पसरलेलं रसेलचंच चित्र आहे : घोड्यांवरचे आदिवासी अगदी पुढ्यात, आणि पश्चिमेची वाट शोधायला निघालेले लुइस-क्लार्क एका कडेला, बारके. हा क्लार्क वेगळा बरं का. अध्यक्ष रोज त्या चित्राकडे पाठ करून बसतो.

पुढच्या खेपेला बिग सँडीला जायचं ठरलंय. तिथं बघण्यासारखं काय आहे विचारलं, तर जावई म्हणाले, "गहू."